पत्रांनी जोडलेली मंडळी



‘तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, तेव्हा शाळेच्या आठवणी आम्ही लिहितो, तू इतिहासावर लिही,’ असा स्मरणिका समितीचा निरोप आला. विषय मात्र माझ्यावर सोडला. मी निवडलेला विषय वाचून काहींना नवल वाटेल. महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसे एकमेकांपासून दूर पडली, तेव्हा त्यांनी आपले नाते कसे टिकवले, याविषयी मी लिहिणार आहे. आपल्या वर्गात ख्रिस्ती कुणी नव्हते, मीही नाही. पण दहावीनंतर मी शिकायला अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेलो आणि नोकरीनिमित्त तिथेच राहिलो. शेजार ख्रिस्ती होता. त्यांच्या घरातली जुनी पुस्तके वाचता वाचता हा विषय माझा झाला. पस्तीसएक वर्षे पांगलेले आपण आज एकत्र येत असताना तो आपल्यालाही लागू आहे, असे मला वाटते.

ख्रिस्ती माणसे आपल्या धर्मबांधवांच्या समुदायाला मराठीत ‘मंडळी’ म्हणतात. किती घरगुती शब्द आहे पाहा. आपण पारावर ‘काय मंडळी, कसं काय?’ म्हणतो, तोच हा शब्द. मंडळी म्हटले की एकत्र बसलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. मग ती एकत्र बसूच शकत नसतील, तर तिला मंडळी म्हणायचे का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे सापडले, ते पुढे मांडतो.

लिहून घेणाऱ्याचाही नमस्कार

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या ‘नव्या करारा’त एकूण २७ पुस्तके आहेत आणि त्यांपैकी २१ पत्रे आहेत. म्हणजे ज्या ग्रंथावर हा धर्म उभा आहे, त्याच्या या भागातील बहुसंख्य पुस्तके एकमेकांपासून दूर असलेल्या माणसांच्या टपालातून आली आहेत. त्यांतली बरीच पौल या प्रेषिताच्या नावावर आहेत. काही त्याने कैदेतून लिहिली. रोममधील मंडळीला त्याने सविस्तर पत्र पाठवले, तेव्हा तो त्या शहरात अजून गेलेलाही नव्हता.

या रोमकरांच्या पत्राचा शेवट मला फार आवडतो. आधीच्या पंधरा अध्यायांत गंभीर तत्त्वचर्चा आहे, आणि सोळावा अध्याय जवळजवळ सगळा सलाम-नमस्काराचा आहे. अमक्याला सलाम सांगा, अमकीने तुमच्यासाठी फार श्रम केले तिला सलाम सांगा, अमक्याच्या आईला सांगा, ती मलाही आईसारखी आहे. आपल्या घरी येणाऱ्या पत्रांच्या शेवटी ‘मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ असायचे, त्याची आठवण होते. आणि मध्येच एक वाक्य येते ते पौलाचे नाही. पौल सांगत होता आणि तर्तियस नावाचा माणूस लिहून घेत होता. त्याने स्वतःचाही सलाम त्यात घालून दिला.

हे वाचले आणि मला आपले गाव आठवले. आपण सहावी-सातवीत असताना गल्लीतल्या म्हाताऱ्या आपल्याला बोलावून मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलांना पत्रे लिहून घेत. पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळे. म्हातारी सांगायची, आपण लिहायचो, आणि कोपऱ्यात जागा उरली तर ‘पत्र लिहिणाऱ्याचाही नमस्कार’ असे लिहून मोकळे व्हायचो. त्या मुलाला आपण कधी पाहिलेलेही नसायचे. तर्तियस आपल्यातलाच होता.

ही पत्रे एकाने वाचून ठेवून द्यायची नव्हती. कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सूचना आहे की, तुमचे वाचून झाले की हे लावदिकीयाच्या मंडळीत वाचायला द्या, आणि तिकडचे तुम्ही वाचा. पत्राबरोबर माणसेही जात. फिलिप्पै गावच्या लोकांनी कैदेतल्या पौलाला मदत पाठवली, ती एपफ्रदीत नावाचा गृहस्थ घेऊन गेला आणि तिकडे आजारी पडून मरता मरता वाचला. गावाकडे काळजी वाढली, तेव्हा पौलाने त्याला पत्र देऊन परत धाडले. दूर राहूनही संबंध कसा टिकतो, हे या एका हकिकतीत आहे. कुणी तरी पैसे जमा करावे लागतात, कुणी तरी वाट तुडवावी लागते, आणि पोचल्याची पावती द्यावी लागते.

एका घरातले दोन भाऊ

आता महाराष्ट्रात येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. स्कॉटिश मिशनरीही मुंबई-पुण्यात काम करत होते. त्या काळात ख्रिस्ती होणे म्हणजे घर, जात, पंगत, पाणवठा या सगळ्यांपासून एका दिवसात तुटणे होते. ताटातूट व्हायला अंतर लागत नसे. एकाच गल्लीत राहूनही माणूस परदेशी होई.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यासोबत मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने अल्पवयीन श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिले. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर मुंबईत रणे माजली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे अशी बाजू घेतली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात हे प्रकरण जांभेकरांच्या धैर्यासाठी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ते वाचताना मला त्या दोन भावांचा विचार येतो. एकाच्या वाटेला मिशन आले, दुसऱ्याच्या वाटेला घर. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख होता. भावांची वाट मात्र तिथे फुटली.

हेच नारायण शेषाद्री पुढे पाद्री होऊन आपल्या मराठवाड्यात आले, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. जालना तेव्हा आपल्या हिंगोलीसारखेच निजामाच्या राज्यात होते आणि दोन्हीकडे लष्करी छावण्या होत्या. जालन्याच्या परिसरात त्यांच्या उपदेशाने जे ख्रिस्ती झाले, त्यांत मांग आणि महार समाजातले पुष्कळ होते. खेड्यात एखाददुसरे घर ख्रिस्ती झाले की ते एकटे पडे. शेषाद्रींनी यावर वेगळाच उपाय काढला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि बेथेल नावाचे गावच वसवले. विखुरलेल्यांना पत्रे लिहिण्याऐवजी त्यांना एका शिवारात आणायचे, असा हा विचार होता. ते स्वतः मात्र सतत फिरतीवर असत. १८७३ मध्ये तर न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत फेटा बांधलेले हे मराठी पाद्री भाषण करताना लोकांनी पाहिले. ज्याचा भाऊ त्याच्यापासून वेगळा झाला, त्याने शेवटी इतरांसाठी गाव वसवले. या दोन गोष्टींचा संबंध कुठे कागदावर जोडलेला मला मिळालेला नाही. पण वाचताना तो जुळतो खरा.

‘ज्ञानोदय’ नावाची चावडी

सगळ्यांना बेथेल मिळणे शक्य नव्हते. बाकीच्यांसाठी छापील कागद होता. १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले. मराठीतल्या सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या नियतकालिकांत त्याची गणना होते. त्यात धर्मवाद असे, विज्ञान असे, समाजसुधारणेची चर्चा असे. शाळांत आपण त्याचा उल्लेख पत्रकारितेच्या इतिहासात करतो आणि पुढे जातो. पण नगर जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर एकट्या पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या बाजूने पाहा. आपल्यासारखे आणखी लोक आहेत, त्यांचेही आपल्यासारखेच चालले आहे, ही खात्री त्या कागदातून मिळत होती. आपल्याकडे चावडीवर जे काम चालते, ते विखुरलेल्या मंडळीसाठी ‘ज्ञानोदय’ करत होता.

१९१२ पासून १९१९ मध्ये निधन होईपर्यंत या ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग रेव्हरंड नारायण वामन टिळक पाहत होते. आपल्या पाठ्यपुस्तकातले फुलामुलांचे कवी ते हेच. त्यांची स्वतःची कहाणी तर वियोगाचीच आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना बरोबर घेणे शक्य नव्हते. त्यांची तशी तयारीही नव्हती. नवरा जिवंत असून संसार संपला, अशा अवस्थेत त्या बहिणीच्या आश्रयाने पंढरपूरला राहिल्या. पुढची काही वर्षे पत्रांनी, कवितांनी आणि अधूनमधूनच्या भेटींनी हे नाते तगले. या काळाचे वर्णन त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात केले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. इतके दुःख इतक्या मिश्कीलपणे सांगणारे पुस्तक मराठीत क्वचितच सापडेल.

मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लक्ष्मीबाई नगरला पतीकडे आल्या त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. आल्यानंतरही त्यांचे सोवळे-ओवळे वेगळे, पाणी वेगळे, चूल वेगळी होती. टिळकांनी ते चालू दिले. जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या बुद्धीने केला, स्वतःच्या वेळेला केला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पत्रे चालू होती म्हणून परतीची वाट उघडी राहिली आणि घाई झाली नाही म्हणून ती वाट पार झाली. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

टिळकांनी शेवटच्या काळात, १९१७ मध्ये, मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. ज्याच्या घरात कित्येक दिवस दोन चुली पेटत होत्या, त्याला अशी बैठक सुचावी यात आश्चर्य नाही.

आजीबाईंना पत्र

दूर राहून नाते टिकवताना मतभेद झाले तर काय करायचे? याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात मिळते. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जुन्या ग्रंथालयांत तो चाळायला मिळतो.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. परक्या देशातल्या गोऱ्या संन्यासिनीला आपल्या मराठी नात्याने हाक मारणे, यातच जवळीक दिसते. पण रमाबाई शिकायला चेल्टनहॅमला गेल्या आणि पत्रांतून वाद सुरू झाले. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, असे त्या विचारत. मी शाकाहारी राहिले तर बिघडले काय? चर्चची अमुक शिकवण मी न पटता का मानावी? सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटे आणि त्या तसे स्पष्ट लिहीत. रमाबाईही तेवढेच स्पष्ट उत्तर देत. आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या.

पत्रे कडू होती, तरी थांबली नाहीत. १८८६ मध्ये रमाबाई डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथेच काही काळ राहिल्या. त्या काळात लहानग्या मनोरमेला त्यांनी परत इंग्लंडला पाठवले, ते याच आजीबाईंकडे. जिच्याशी पानोपानी भांडण चालले होते, तिच्याच ओटीत आपले एकुलते एक लेकरू घातले. विश्वास म्हणजे काय, हे याहून वेगळे सांगता येणार नाही. पुढे मुंबईत शारदा सदन आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिल्यावरही या पत्रांची वाट बंद झाली नाही.

मनोरमेचे काय, असे मात्र मनात येते. आई एका खंडात आणि लेक दुसऱ्या खंडात. मोठ्या कामांची किंमत घरातली लहान माणसेही मोजतात, हे इतिहासाच्या पुस्तकात फार क्वचित लिहिले जाते.

२०२० चा रविवार

इतके सारे वाचलेले माझ्या डोळ्यांसमोर खरे झाले ते २०२० मध्ये. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्या वर्षी ईस्टर १२ एप्रिलला होता. चर्च बंद, मंदिरे बंद, मशिदी बंद. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, ऐंशीच्या घरातल्या. एरवी दर रविवारी सकाळी चर्चला जाणाऱ्या. त्या ईस्टरला सकाळी नेहमीच्या वेळेला त्या स्वच्छ पांढरी साडी नेसून अंगणात खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर उपासना-संगीताचे पुस्तक होते. मी कुंपणापलीकडून विचारले, ‘बाई, मोबाईलवर आहे ना प्रार्थना? लावून देऊ का?’ त्या म्हणाल्या, ‘नातू लावून देतो नंतर. पण ही आमची वेळ आहे. या वेळेला सगळे आपापल्या घरी बसलेत, मला माहीत आहे.’

त्याच आषाढीला, १ जुलैला, आपल्या संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. हजारो वारकऱ्यांनी घरीच वारी केली. दोन्हीकडे आधार एकच होता : वेळ ठरलेली आहे आणि इतरही ती पाळत आहेत, ही खात्री. १६ नोव्हेंबरला दिवाळीच्या पाडव्याला प्रार्थनास्थळे उघडली. बाई पहिल्याच रविवारी गेल्या. परत आल्यावर एवढेच म्हणाल्या, ‘मोबाईलवर सगळं होतं हो, पण प्रभुभोजनाची भाकर मोबाईलमधून देता येत नाही.’ नव्या करारातल्या योहानाच्या दोन छोट्या पत्रांचा शेवटही असाच आहे. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते कागद-शाईने नको, भेटून तोंडोतोंड बोलू, असे तो म्हणतो. पत्र लिहिणाऱ्यालाच पत्राची मर्यादा ठाऊक होती. भेटीपर्यंत नाते जिवंत ठेवणे, एवढेच पत्राचे काम.

आपली हजेरी

ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. पुसेगावजवळच्याच नर्सीचे संत नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा मराठी माणसे आणि शीख बांधव यांना वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. शब्दांनी ती शतकानुशतके राखून ठेवली होती.

आपण दहावी करून पांगलो तेव्हा आपला भाग परभणी जिल्ह्यातच होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला, तोवर कुणी मुंबईला, कुणी सुरतेला, कुणी सासरी गेले होते. शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसणारा आपला मित्र मला नगरला पोस्टकार्डे पाठवायचा. गावातला पाऊस, ज्वारी, कुणाचे लग्न जमले, गुरुजींची बदली, सगळे बारीक अक्षरात. पहिली दोन वर्षे मी उत्तरे दिली. मग परीक्षा आल्या, नोकरी आली. शेवटच्या कार्डाला उत्तर द्यायचे राहून गेले. सवडीने सविस्तर लिहू म्हणून ते मी पुस्तकात घालून ठेवले होते.

या मेळाव्याच्या यादीत त्याच्या नावामागे ‘कै.’ वाचले. कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्यावरच्या शिक्क्याची तारीखही वाचता येते. अंतराने काही बिघडले नव्हते. नगर ते पुसेगाव पोस्टकार्ड तीन-चार दिवसांत पोचत होते. मी लिहिले नाही, एवढेच झाले.

म्हणून समितीला माझी एक सूचना आहे. व्हॉट्सअॅपचा गट आहे, तो असू द्यावा. पण वर्षातून एक दिवस ठरवावा, शाळा सुरू होण्याचा जूनमधला पहिला सोमवार चालेल. त्या दिवशी प्रत्येकाने हजेरीपटावर आपल्या पुढे ज्याचे नाव होते, त्याला स्वतः फोन करावा किंवा पत्र लिहावे. ज्याच्या पुढचे नाव आता नाही, त्याने त्याच्या घरच्यांना करावे. कुणाशी जुने भांडण असेल तर तेही त्यात लिहावे, रमाबाईंनी लिहिले तसे. मी यंदा माझ्या मित्राच्या मुलाला पत्र लिहिले आहे. त्या कार्डातला सगळा मजकूर त्यात उतरवून दिला आहे. त्याच्या वडिलांनी त्या वर्षी किती ज्वारी झाली हे लिहिले होते, ते त्याला कळावे.

या स्मरणिकेच्या शेवटी सर्वांचे पत्ते छापले आहेत. माझाही आहे. ज्याचे पत्र येईल, त्याला उत्तर जाईल.

सर्व गुरुजनांना साष्टांग नमस्कार, आणि मंडळी, तुम्हा सर्वांना राम राम.